अकरा जणांना विचारलं, तरी उत्तर सापडेना

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. एका कंपनीच्या हिशेब विभागात सोळा वर्षं नोकरी करतोय. घरी पत्नी, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी खजिनदार आहे. मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेने मला पूर्णवेळ व्यवस्थापक म्हणून बोलावलं आहे. पगार आताच्या निम्म्याहून कमी, राहायचं संस्थेच्याच आवारात. महिन्याभरात उत्तर द्यायचं आहे.

सल्लागार पुष्कळ असले की कल्याण होतं, असं पवित्र शास्त्र सांगतं. म्हणून मी अकरा जणांना विचारलं आणि त्यांची उत्तरं वहीत लिहून ठेवली. आठ जण 'हो' म्हणाले, दोघं 'नाही', एक जण म्हणाला 'प्रार्थना करतो'. एका भगिनीने तर प्रभूने तिला माझ्याबद्दल स्पष्ट दाखवलं आहे, असं सांगितलं. 'नाही' म्हणणाऱ्यांत एक माझा थोरला भाऊ, तो ख्रिस्ती विश्वासात नाही. दुसरे मंडळीतले एक ज्येष्ठ, पण ते नेहमीच नकारात्मक बोलतात. पत्नी म्हणते, "तुम्ही ठरवाल ते." एवढं बहुमत असूनही मनाला शांती नाही. शांती नाही याचा अर्थ देव नको म्हणतोय का? आणि चुकीचा निर्णय घेतला तर मी देवाच्या इच्छेबाहेर फेकला जाईन का?

उत्तर

प्रिय बंधू,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना नजर आकड्यांवर गेली, कारण तुम्ही ती तिथेच नेलीत. दुसऱ्यांदा वाचताना 'तुम्ही ठरवाल ते' या तीन शब्दांवर अडकले. त्यांच्याकडे येईनच, पण आधी वहीचं बोलू.

तुम्ही वचन बरोबर सांगितलंत. बायबलच्या नीतिसूत्रांत ही गोष्ट एकदा नाही, तीनदा येते, अकराव्या, पंधराव्या आणि चोविसाव्या अध्यायात. सल्ल्याशिवाय बेत फसतात, पुष्कळ सल्लागारांमुळे ते तडीस जातात. पण सल्लागारांची मतं मोजा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. सल्लागार पुष्कळ हवेत ते यासाठी की एकाला न दिसलेली बाजू दुसऱ्याला दिसावी. आठही जण एकाच खिडकीतून बघत असतील तर ते आठ डोळे नव्हेत, एकच डोळा आठ वेळा मोजलाय.

शास्त्रात बहुमताची एक जबरदस्त गोष्ट आहे, 'पहिले राजे' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात. अहाब राजाला रामोथ-गिलादावर स्वारी करायची होती. त्याने सुमारे चारशे संदेष्टे जमवले. चारशेही म्हणाले, जा, प्रभू तुला जय देईल. सोबतच्या यहोशाफाट राजाला काहीतरी खटकलं. त्याने विचारलं, आणखी कोणी नाही का? अहाब म्हणाला, आहे एक, मीखाया, पण मला त्याचा तिटकारा आहे, कारण तो माझ्याबद्दल कधी बरं बोलतच नाही. मीखायाला आणायला गेलेल्या दूताने त्याला वाटेतच समजावलं, बाबा, सगळ्यांनी एकमुखाने बरं सांगितलंय, तूही तसंच बोल. चारशे विरुद्ध एक. अहाब लढाईला गेला आणि बाण लागून मेला.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा. त्या ज्येष्ठांबद्दल तुम्ही लिहिलंय, 'ते नेहमीच नकारात्मक बोलतात.' मी तुम्हाला अहाब ठरवत नाही. ते ज्येष्ठ मीखाया आहेत असंही नाही, काही माणसं खरोखरच रडगाणी असतात. पण त्यांनी 'नाही' का म्हटलं, याचं एकही कारण तुमच्या पत्रात नाही. भगिनीला काय दिसलं ते तुम्ही सांगितलंत, आकडे सांगितलेत, आणि मंडळीतल्या ज्या एका माणसाने होकार टाळायचं धाडस केलं त्याच्याबद्दल फक्त त्याचा स्वभाव सांगितलात. तुम्ही कारण विचारलं होतंत का?

दुसरा प्रश्न. या अकरा जणांना तुम्ही नेमक्या कोणत्या शब्दांत विचारलंत? पत्रात ते नाही, म्हणून अंदाज करते. बहुधा असं काहीतरी असेल, "देव मला पूर्णवेळ सेवेत बोलावतोय असं वाटतं, तुम्हाला काय वाटतं?" आता याला 'नाही' कोण म्हणेल? उपासनेनंतर दाराशी उभं राहून, खजिनदाराला, प्रामाणिक माणसाला, "नको, देव बोलावत नसेल" असं कोण सांगेल? प्रश्नातच उत्तर घालून दिलं की समोरच्याला फक्त मान डोलवायची उरते.

शलमोन राजाचा मुलगा रहबाम याचीही गोष्ट अशीच आहे. लोक जू हलकं करा म्हणून आले, त्याने तीन दिवस मागितले. वृद्धांनी सांगितलं, यांची सेवा कर, यांच्याशी गोड बोल. तो सल्ला त्याने टाकला आणि मग बरोबरीच्या पोरांना विचारलं. हा क्रम लक्षात घ्या, टाकला आधी, विचारलं नंतर. आणि प्रश्नातला एक शब्दही बदलला. वृद्धांना विचारलं, 'मी' काय उत्तर देऊ असा तुमचा सल्ला आहे? पोरांना विचारलं, 'आपण' काय उत्तर द्यावं? एकदा 'आपण' म्हटलं की समोरचा सल्लागार राहत नाही, साथीदार होतो. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहा त्याच्या हातून गेले त्या दिवशी.

मला वाटतं, तुमची अडचण सल्ला कमी पडल्याची नाही. तुमच्या आजूबाजूच्या लोकांना 'नाही' म्हणायला जागा नव्हती, ही आहे. आणि ती जागा सगळ्यात कमी कोणाला होती?

तुमच्या पत्नीला.

अकरा जणांच्या यादीत तिचं नाव नाही. पगार निम्म्यावर आला की घर कोण चालवणार, आवारात राहायला गेल्यावर दाराबाहेर चोवीस तास वसतिगृह कोणाच्या, तुमच्या आई दिवसभर कोणासोबत, मुलीची शाळा बदलली तर तिची समजूत कोण काढणार? या सगळ्यात तिचा वाटा बहुधा तुमच्याहून मोठा आहे. तरी ती यादीत नाही, 'तुम्ही ठरवाल ते' या वाक्यापुरतीच आहे. ही संमती आहे असं तुम्ही धरलंत. मला मात्र ती शांतता वाटते, आणि या दोहोंत फरक आहे.

नवरा म्हणतो, "मला वाटतं देव बोलावतोय." अशा घरात बायको 'मला भीती वाटते' म्हणाली तर ती नवऱ्याशी असहमत होत नाही, देवाच्या आड येते! कोणती श्रद्धाळू बाई हे ओझं घेईल? ती गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला आपल्या मंडळ्यांमध्ये नम्रता म्हणतात. मी अशा घरांची पत्रं वर्षानुवर्षं वाचते आहे. पाच-सात वर्षांनी तीच बाई मला लिहिते. तेव्हा पत्र निर्णयाबद्दल नसतं, तिला कोणी विचारलं नाही याबद्दल असतं.

अबीगईलची गोष्ट आठवा. पुढे राजा झालेला दावीद चिडून चारशे माणसं घेऊन तिच्या घरावर निघाला होता, तिने वाटेत गाठून त्याला थांबवलं. दावीदाने तिच्या सल्ल्यासाठी देवाचा धन्यवाद केला. तिचा स्वतःचा नवरा नाबाल याच्याबद्दल मात्र त्याचाच चाकर म्हणाला होता की याच्याशी बोलायची सोय नाही. बाई तीच, शहाणपण तेच. एकाला ते मिळालं, दुसऱ्याच्या घरातच होतं आणि त्याला कधी मिळालं नाही. तुम्ही नाबाल नाही हे तुमच्या पत्राच्या सुरावरून कळतं. पण आपल्याशी बोलायची सोय आहे की नाही, हे आपल्याला स्वतःला सहसा शेवटी कळतं.

मग काय करायचं? तिच्याकडून 'हो' किंवा 'नाही' मागू नका. एखाद्या संध्याकाळी, मुलं झोपल्यावर, विचारा, "यात तुला सगळ्यात अवघड काय जाईल?" आणि ती बोलेल त्याला त्या दिवशी उत्तर देऊ नका. एकही नाही. 'तसं होणार नाही', 'त्याची सोय होईल', 'प्रभू बघेल' यातलं काही नाही. फक्त ऐका, हवं तर त्याच वहीत लिहून घ्या. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाज, असं नीतिसूत्रांचा अठरावा अध्याय सांगतो. दोन दिवसांनी पुन्हा बोला. आणि बोलायला बसण्याआधी मनाशी ठरवा की तिचं 'नाही' हे खरंखुरं 'नाही' धरायचं आहे, प्रार्थनेने वितळवायचा अडथळा म्हणून नाही. हे ठरवता येत नसेल तर तिला विचारूच नका, ती फसवणूक होईल.

मुलगी चौदाची आहे. तिलाही विचारा. निर्णय तिच्यावर टाकू नका, पण विचारा.

आता त्या भगिनीबद्दल. प्रभूने तिला तुमच्याबद्दल दाखवलं, असं ती म्हणते. मी तिला खोटं पाडत नाही. मला तो अधिकार नाही आणि मी तिला ओळखतही नाही. पण अशा शब्दांपुढे आपण लगेच हात टेकतो, तसं करायला शास्त्राने कधीच सांगितलेलं नाही. उलट प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहितो, संदेशांचा धिक्कार करू नका, पण सर्व गोष्टींची पारख करा. दोन्ही एकाच दमात. पहिल्या राजांच्या तेराव्या अध्यायात तर अंगावर काटा येईल अशी गोष्ट आहे. एका देवमाणसाला देवाने स्पष्ट बजावलं होतं, इथे खाऊ-पिऊ नकोस, आल्या वाटेने परतू नकोस. एका म्हाताऱ्या संदेष्ट्याने त्याला गाठून सांगितलं, मीही संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलंय की तुला घरी जेवायला न्यावं. ते खोटं होतं. तो गेला, जेवला आणि वाटेत सिंहाने त्याला मारलं. स्वतःला मिळालेलं वचन त्याने दुसऱ्याच्या 'मला सांगितलंय' यासाठी बाजूला ठेवलं.

आणि सांगणारा खरा असला तरी गुंता सुटतोच असं नाही. प्रेषितांची कृत्ये, एकविसावा अध्याय. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि म्हणाला, ज्याचा हा पट्टा त्याला यरुशलेमेत असं बांधतील. माहिती अचूक होती. ती ऐकून सगळे, हे पुस्तक लिहिणारा लूकसुद्धा, कारण तो तिथे 'आम्ही' असं लिहितो, पौलाला रडत विनवू लागले की जाऊ नकोस. पौल गेला. अगबाने सांगितलं होतं ते काय घडेल. काय करावं, हा निष्कर्ष जमलेल्यांनी आपल्या प्रेमापोटी काढला. सल्ला ऐकताना या दोन गोष्टी वेगळ्या करायची सवय लावा. तुमच्या भगिनीला शांतपणे विचारा, तुम्हाला नेमकं काय दिसलं? आणि त्याचा अर्थ मी नोकरी सोडावी असा, हे कोणी ठरवलं? ती सरळ असेल तर रागावणार नाही. रागावली तर तेही तुम्हाला काहीतरी सांगून जाईल.

शांतीचं थोडक्यात सांगते, कारण यावर फार बोललं जातं आणि त्यातलं बरंचसं मला पटत नाही. योना संदेष्टा देवापासून पळत होता आणि जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू पित्याच्या इच्छेच्या मधोमध होता आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. आता सांगा, शांती कोणाला होती? मनाची बेचैनी म्हणजे देवाची लाल निशाणी, असं मी धरणार नाही. ती सुटून गेलेल्या गोष्टीकडे दाखवलेलं बोट असू शकते. तुमच्या बाबतीत कोणती गोष्ट सुटली, हे मला वाटतं तुम्हाला पत्र लिहितानाच ठाऊक होतं. नाहीतर 'तुम्ही ठरवाल ते' तुम्ही जसंच्या तसं लिहिलं नसतंत.

हो, एक मात्र पाळा. सोळाव्या शतकातला, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला आपल्या शिष्यांना सांगे की मन कोरडं, उदास, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. नोकरीत अपमान झालाय, कंटाळा आलाय, वरिष्ठांशी पटत नाही, अशा दिवसांत ही हाक जास्त मोठी ऐकू येते का, ते तपासा. त्याचीच आणखी एक युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. ज्याला कधी पाहिलंही नाही असा एक माणूस डोळ्यांपुढे आणायचा, त्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटू द्यायचं, आणि नेमकी आपलीच अडचण त्याची आहे असं धरून त्याला काय सांगाल, ते पाहायचं.

आता पुन्हा सल्ला घ्यायचा असेल, आणि घ्या असंच मी म्हणेन, तर अकरा नकोत. चार पुरे, पण वेगवेगळ्या खिडक्यांतले. अशा संस्थेत पूर्णवेळ काम करून बाहेर पडलेला एक. पैशांचं कळणारा एक, तो विश्वासातला असलाच पाहिजे असं नाही. तुमचं ऑफिसातलं काम जवळून पाहिलेला एक, कारण मंडळीतल्या लोकांनी तुम्हाला रविवारीच पाहिलंय, सोमवारी साडेदहाला नाही. आणि ते 'नकारात्मक' ज्येष्ठ.

विश्वासात नसलेल्या भावाचं मत तुम्ही बहुधा बाजूला ठेवलं असेल, म्हणून इथ्रोचं सांगते. मोशेचा सासरा, मिद्यानी याजक, इस्राएलाबाहेरचा. तो आला, त्याने दिवसभर नुसतं पाहिलं की मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलाय. मग विचारलं, हे काय करतोस? मग म्हणाला, हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेम. आणि पुढे जोडलं, देवाची तशी आज्ञा असेल तर. आधी पाहणं, मग विचारणं, मग सांगणं, आणि सांगून झाल्यावर आपल्या देशी निघून जाणं. सल्ला द्यावा तर असा. (याच्या उलट अहीथोफेल. दावीदाचा बंडखोर मुलगा अबशालोम याने त्याचा सल्ला मानला नाही, तर गाढवावर खोगीर घालून घरी गेला आणि गळफास घेतला. आपल्या सल्ल्यात इतका जीव गुंतवणारी माणसं मंडळ्यांत आजही सापडतात, त्यांना जपून विचारावं.) भावाने कदाचित फक्त पैसा पाहिला असेल. पण बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे येशूनेच सांगितलंय, आणि तुम्ही तर हिशेब विभागातले.

विचारताना 'देव बोलावतोय' हे वाक्य घरी ठेवून जा. असं विचारा, "या कामात मी कुठे कमी पडेन?" "मी जाऊ नये याचं सगळ्यात सबळ कारण तुम्हाला कोणतं वाटतं?" क्वेकर या ख्रिस्ती पंथात मोठ्या निर्णयाआधी चार-पाच विश्वासू माणसांना घेऊन बसायची पद्धत आहे. तिथे नियम एकच, त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, उपदेश करायचा नाही. तुमच्या घरगुती प्रार्थनागटात एक संध्याकाळ असं करून पाहा. उपदेश न करता तासभर बसणं विश्वासणाऱ्यांना किती जड जातं, तेही दिसेल.

संस्थेलाही प्रश्न विचारा, त्यात अविश्वास काही नाही. आधीचा व्यवस्थापक किती वर्षं होता, का गेला? त्याच्याशी बोलता येईल का? पगार, आजारपणाचा खर्च, निवृत्तीची तरतूद लेखी मिळेल का? पैशांच्या निर्णयावर सही कोणाची? नोकरीतून काही महिन्यांची बिनपगारी रजा मिळाली तर आधी काम करून पाहता येईल का? आणि महिन्याची मुदत दोन महिन्यांवर न्यायला सांगा. मुलांच्या वसतिगृहाला घाईत घेतलेल्या माणसापेक्षा महिनाभर उशिरा आलेला, पण टिकणारा माणूस जास्त हवा असतो. एवढंही थांबायला ते तयार नसतील, तर घाई कशाची आहे ते विचारा.

देवाच्या इच्छेबाहेर फेकले जाल का, असं विचारलंत. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं, मार्काला बरोबर न्यावं की नाही यावरून, इतकं बिनसलं की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. लूक हे सगळं लिहितो आणि बरोबर कोण होतं ते सांगतच नाही. पुढे पौलाने तुरुंगातून आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रात याच मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं आलंय. तुम्ही गेलात किंवा राहिलात, दोन्हीकडे प्रभूची सेवा करता येईल. चांगला हिशेबनीस ऑफिसात असणं हीही काही छोटी साक्ष नाही.

निर्णय झाला की त्या चौघांना स्वतः जाऊन सांगा, ज्यांचं ऐकलं नाहीत त्यांना आधी. आणि निर्णयानंतर एखाद्याने येऊन "मी चुकीचं बोललो होतो" म्हटलं, तर त्या माणसाला सोडू नका. मंदिर बांधायचं दावीदाच्या मनात होतं. नाथान संदेष्टा म्हणाला, मनात आहे ते कर. त्याच रात्री देवाने त्याला वेगळं सांगितलं, तर त्याने राजाकडे परत जाऊन आपला शब्द फिरवला. असे सल्लागार फार थोडे मिळतात.

माझं नाव वहीत बारावं म्हणून लिहू नका. मी फक्त तुमची बाजू वाचली आहे. तिथे राहायला गेल्यावर आठव्या महिन्यात त्या आवारातल्या स्वयंपाकघरात उभी असणार आहे ती बाई काय म्हणते, ते मी ऐकलेलं नाही. तिला लिहावंसं वाटलं तर या सदराचा पत्ता तिच्यासाठीही आहे.